या चुका टाळा: आधारची झेरॉक्स, लांबचा प्लॉट आणि दाराचा कोयंडा

नाशिकला सीबीएसच्या (मध्यवर्ती बसस्थानकाच्या) परिसरात, कोर्ट आणि कलेक्टर कचेरीच्या आजूबाजूला झेरॉक्सच्या दुकानांत दिवसभर एकच वाक्य ऐकू येतं: "या नंबरवर व्हॉट्सॲप करा, प्रिंट काढतो." माणूस आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान असं सगळं पाठवतो, पैसे देतो आणि निघतो. प्रिंट त्याच्या हातात येते, पण फाइल दुकानाच्या कॉम्प्युटरवर डाउनलोड फोल्डरमध्ये पडून राहते. दुकानदार लबाड असतो असं नाही. मात्र त्या कॉम्प्युटरवर कामाला येणारा प्रत्येक जण बसतो.

पैसे गेले की "हॅक झालं" म्हणायची पद्धत पडली आहे. पुष्कळदा कोणी काही हॅक केलेलं नसतं. एका कामासाठी दिलेला कागद, ठसा, नंबर किंवा किल्ली दुसऱ्याच कामाला वापरली गेलेली असते. खालच्या बहुतेक चुका त्याच जातीच्या आहेत.

आधारची उघडी प्रत वाटणे

हॉटेलात, सोसायटीच्या गेटवर, कोचिंग क्लासमध्ये पूर्ण आधार क्रमांक द्यायची गरज नसते. मायआधारच्या साइटवरून आधार डाउनलोड करताना "मास्क्ड आधार" हा पर्याय निवडा. पहिले आठ अंक झाकले जातात, शेवटचे चार दिसतात. पीडीएफ उघडत नाही अशी तक्रार हमखास येते. तिचा पासवर्ड म्हणजे आधारवरच्या नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि त्याला जोडून जन्माचं वर्ष, मध्ये जागा न सोडता.

कागदी प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: "फक्त भाडेकरारासाठी", पुढे तारीख आणि सही. सही कोपऱ्यात केली तर ती कापून टाकता येते, म्हणून ती फोटोच्या कडेवरून जाऊ द्या. झेरॉक्सच्या दुकानात "डिलीट फॉर एव्हरीवन" केल्याने चॅटमधली फाइल जाते, कॉम्प्युटरवर उतरवलेली जात नाही. डाउनलोड फोल्डर आणि रिसायकल बिन दोन्हीतून पुसायला सांगा, तेही पैसे देण्याआधी. नंतर पुढचं गिऱ्हाईक उभं असतं आणि तुमच्याकडे कोणी बघत नाही.

बोटांचे ठसे उघडे ठेवणे

ही चूक सर्वांत कमी माहीत असलेली आणि सर्वांत महागात पडणारी. आधारवर चालणाऱ्या एईपीएस (आधार एनेबल्ड पेमेंट सिस्टिम) व्यवहारात पैसे काढायला आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढं पुरतं. ओटीपी लागत नाही, एटीएम कार्ड लागत नाही. खरेदीखतावर आपण ठसे देतो, आणि अशा नोंदणीकृत दस्तांवरचे ठसे उतरवून, त्यांची नक्कल बनवून खाती रिकामी केल्याचे गुन्हे देशात नोंदले गेले आहेत.

उपाय फुकट आहे. मायआधार किंवा एमआधार ॲपवर "बायोमेट्रिक लॉक" चालू करा. गरज पडेल तेव्हा तात्पुरतं उघडता येतं, आणि दहा मिनिटांनी ते आपोआप पुन्हा बंद होतं.

इथे दोन गडबडी होतात. रेशन दुकानावर, सिम घेताना किंवा भाडेकरार नोंदवणारा एजंट मशीन घेऊन घरी येतो तेव्हा ठसा लागत नाही. मग बोट पुसा, क्रीम लावा, दुसरं बोट लावा असं सगळं चालतं. मशीनवर ३३० हा एरर कोड दिसत असेल तर बोटाचा दोष नाही, लॉक चालू आहे. उघडा आणि लगेच ठसा द्या.

दुसरी गडबड "आधार लॉक" आणि "बायोमेट्रिक लॉक" एकच समजण्याची. आधार क्रमांकच लॉक केला तर बारा अंकी नंबरवरून पडताळणी होत नाही, सोळा अंकी व्हर्च्युअल आयडी द्यावा लागतो, आणि तो लॉक काढायलाही तोच आयडी लागतो. घरातल्या वयस्कर माणसांसाठी फक्त बायोमेट्रिक लॉक ठेवा. कोणी कुठे आधार वापरलं ते पाहायचं असेल तर त्याच साइटवर मागच्या सहा महिन्यांचा पडताळणीचा इतिहास दिसतो.

आपल्या नावावरची सिमकार्डं न मोजणे

संचार साथी पोर्टलवर आपला नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावर चालू असलेले सगळे मोबाइल नंबर दिसतात. अनोळखी नंबरापुढे "माझा नंबर नाही" निवडा. महाराष्ट्रात एका व्यक्तीच्या नावावर जास्तीत जास्त नऊ जोडण्या चालतात, त्यामुळे एखादी जास्तीची असली तरी कंपनी आपणहून कळवेल असं समजू नका. फोन हरवला तर याच पोर्टलवरून आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) ब्लॉक होतो. हा आकडा *#०६# दाबून आजच कागदावर लिहून ठेवा, कारण फोन गेल्यावर तो पाहायला फोन नसतो. जुना नंबर बंद करताना आधी बँकेतला नंबर बदला, मग सिम सोडा. बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्याला मिळतो आणि तुमच्या बँकेचे मेसेज त्याच्याकडे जाऊ लागतात.

चलान, लग्नपत्रिका आणि एपीके

"तुमच्या गाडीचं चलान आहे" असा मेसेज आणि खाली फाइल. नावाच्या शेवटी एपीके असेल तर ते चलान नाही, ॲप आहे. वाहतूक शाखा व्हॉट्सॲपवर ॲप पाठवत नाही. लग्नपत्रिका, वीजबिल, पीएम किसान या नावांनीही तेच येतं, आणि फाइल बहुधा ओळखीच्याच नंबरवरून येते, कारण त्या ओळखीच्या माणसाचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये "इन्स्टॉल अननोन ॲप्स" उघडून व्हॉट्सॲपसमोरचं बटण बंद करा. घरातल्या प्रत्येक फोनवर दोन मिनिटांचं काम आहे.

चुकून इन्स्टॉल झालंच तर आधी एअरप्लेन मोड लावा आणि वाय-फायही बंद आहे ना ते पाहा, म्हणजे ओटीपी बाहेर जाणार नाहीत. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून नेटबँकिंग, यूपीआय आणि कार्ड बंद करा. ॲप काढायला गेल्यावर "अनइन्स्टॉल" फिकट दिसत असेल तर त्याने डिव्हाइस ॲडमिनची परवानगी घेतलेली असते. सेटिंगमध्ये "डिव्हाइस ॲडमिन" शोधून ती काढा, ॲक्सेसिबिलिटीमधलीही काढा, तरी जमेना तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करून काढा. त्यानंतर फॅक्टरी रीसेट. फोटो गेले तर गेले.

लांबच्या प्लॉटकडे वर्षानुवर्षं न बघणे

मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, पाथर्डी या शिवारांत प्लॉट घेऊन ठेवलेले आणि स्वतः पुण्या-मुंबईत किंवा परदेशात राहणारे लोक कमी नाहीत. भाव वाढले, त्यात २०२७च्या सिंहस्थाची कामं सुरू आहेत. बनावट माणूस मालक म्हणून उभा करायला रिकामा प्लॉट आणि लांबचा मालक याहून सोयीचं काही नसतं.

पहिली चूक म्हणजे घरपट्टीचं बिल आपल्या नावावर येतं म्हणून निर्धास्त राहणं. घरपट्टी ही कराची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. पाहायचा तो सातबारा किंवा, नगर भूमापन झालेल्या भागात, मालमत्ता पत्रक. आपल्या जागेला यातलं काय लागू आहे ते इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा) वाचला की कळतं. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या पोर्टलवर १५ रुपयांत मिळतो.

पण सातबारा पाहून उपयोग अर्धाच, कारण तिथे नाव दिसेपर्यंत बदल होऊन गेलेला असतो. त्याआधीची पायरी "आपली चावडी" या सरकारी साइटवर दिसते. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की त्या गावातल्या प्रलंबित फेरफारांच्या (हक्काच्या नोंदीतल्या बदलांच्या) नोटिसा दिसतात. हरकतीची मुदत १५ दिवसांची असते, म्हणून महिन्यातून दोनदा पाहा. दिवाळीला एकदा पाहून काही हाती लागत नाही.

अनोळखी फेरफार दिसला तर फोनाफोनी करत बसू नका. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (तलाठ्याचं आताचं पदनाम) लेखी हरकत द्या, पोच घ्या. हरकत आली की नोंद तक्रारी प्रकरण म्हणून चालते, सुनावणी होते. नोंद मंजूर होऊन गेली असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील.

मूळ खरेदीखत "पार्टीला दाखवायला" म्हणून एजंटकडे देऊ नका, रंगीत झेरॉक्सही देऊ नका. काळी-पांढरी प्रत, वर "फक्त पाहण्यासाठी". कुलमुखत्यारपत्र द्यायचंच असेल तर सर्वसाधारण नको, एका कामापुरतं विशेष करा. रद्द करताना नोंदणीकृत रद्दलेखच करा, व्हॉट्सॲपवर "आता तुम्ही पाहू नका" लिहून ते रद्द होत नाही. आणि वडील जाऊन पाच वर्षं झाली तरी वारस नोंद केली नसेल, तर बाकीचं बाजूला ठेवून आधी ती करा. जमीन ज्याच्या नावावर आहे तो मृत माणूस हरकत घेणार नाही, हे फसवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

"अकरा महिन्यांचाच करार, नोंदणी कशाला?"

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९च्या कलम ५५नुसार करार लेखी आणि नोंदलेला असायलाच हवा, मुदत अकरा महिने असो की दोन. जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून जाचक भाग असा की करार नोंदलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं मानलं जातं. कॉलेज रोडला मुलांना खोल्या देणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं हे वेगळं काम आहे, करार नोंदवला म्हणून ते आपोआप होत नाही.

बाहेरून मोठं कुलूप

"कडी-कोयंडा तोडून" हे शब्द बातमीत पुन्हा पुन्हा येतात त्यामागे कारण आहे. कुलूप चांगलं असतं, कोयंडा अर्ध्या-पाऊण इंचाच्या स्क्रूंवर उभा असतो. कटावणी घालून एक हिसका दिला की स्क्रूंसकट लाकडाचा टवका निघतो. कुलपावर आणखी खर्च करण्याऐवजी कोयंडा दारातून आरपार जाणाऱ्या नट-बोल्टने बसवा, नट आतल्या बाजूला आणि खाली लोखंडी पट्टी. चौकटीच्या बाजूला किमान तीन इंची स्क्रू. बाहेर लटकणारं कुलूप घर बंद असल्याची जाहिरात करतं, म्हणून आतून बसणारं लॅच घ्या, पण लॅचशेजारी काच असेल तर त्याचा उपयोग नाही. बंगले आणि रो-हाउसमध्ये पुढचं दार भक्कम आणि गच्चीचं दार पत्र्याचं, ही इंदिरानगर-सिडकोतली नेहमीची जोडी. चोर गच्चीवरून येतो.

सीसीटीव्हीत घोळ तीन. चार कॅमेरे, प्रत्येकी साधारण २ एमबीपीएस, म्हणजे दिवसाला सुमारे ८६ जीबी. एक टीबीची हार्डडिस्क ११ दिवसांत भरते आणि जुनं पुसायला लागते. पंधरा दिवस गावाला गेलात तर पहिल्या रात्रीची चोरी परत येईपर्यंत पुसलेली असते. हालचालीवर रेकॉर्डिंग लावा किंवा २ टीबी घ्या. दुसरं, डीव्हीआरचं (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याचं) घड्याळ चुकीचं असतं. फुटेज कोर्टात द्यायचं तर भारतीय साक्ष अधिनियम २०२३च्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, तिथे तारीख चुकलेली असली की वाद होतो. तिसरं, डीव्हीआर टीव्हीखालीच ठेवलेला असतो, चोर तोही नेतो. रात्री चित्र पांढरं फटक दिसत असेल तर कॅमेरा बिघडलेला नाही, भिंगासमोर कोळ्याचं जाळं आहे, इन्फ्रारेड त्यावरून परततो. केरसुणी फिरवा. कॅमेरा शेजाऱ्याच्या खिडकीकडे वळलेला नाही ना, तेही तेवढ्यात बघून घ्या.

लॉकरमध्ये ठेवलं म्हणजे सुरक्षित

आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर यात बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. भाडं ३,००० असेल तर ३ लाख, आत दागिने कितीचे का असेनात. पूर-भूकंपाला ही भरपाई लागू नाही. गोदावरीचं पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गळ्याशी आलं की सराफ बाजार, भांडी बाजारात ते शिरतं, हे नाशिककरांना सांगायला नको. नदीकाठच्या शाखेत तळमजल्यावर लॉकर असेल तर कागदपत्रं झिप-पाउचमध्ये ठेवा आणि दागिन्यांचा वेगळा विमा घ्या. विम्यासाठी प्रत्येक दागिन्याचा फोटो, बिल आणि हॉलमार्कचा सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी लिहून ठेवा, पण ती यादी लॉकरमध्ये ठेवू नका. १ नोव्हेंबर २०२५पासून ठेवींना एकाच वेळी चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात, लॉकरला मात्र एकामागून एक असेच.

पैसे गेल्यावर आधी गूगल करणे

बँकेचा कस्टमर केअर नंबर गूगलवर शोधणं ही दुसरी फसवणूक ओढवून घेण्याची वाट आहे. नंबर कार्डाच्या मागे असतो. आधी १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा. हातात हवं ते: खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि यूपीआयचा बारा अंकी व्यवहार क्रमांक. पैसा पुढच्या खात्यात असेपर्यंत अडवता येतो, पुढे तो फुटत जातो. लगेच बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्या, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार भरा. लाजेपोटी चॅट पुसू नका, तोच पुरावा आहे.

रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या नियमांनुसार चूक ना तुमची ना बँकेची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमचं नुकसान शून्य. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर गेलेला पैसा बँकेच्या माथी. म्हणून फोन किती वाजता केला ते लिहून ठेवा. नाशिक शहर आणि नाशिक ग्रामीण यांची सायबर पोलीस ठाणी वेगळी आहेत. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर झिरो एफआयआर मागा, तो कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो.