मेथॉडिस्ट गीतांतला जीव कसा वाचावा

अठराव्या शतकातल्या मेथॉडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे गीतकार चार्ल्स वेस्ली यांच्या इंग्रजी गीतात ‘सोल’ दिसला की आपण ‘आत्मा’ असं लिहून मोकळे होतो आणि घोटाळा तिथंच सुरू होतो. आत्मा म्हटलं की अविनाशी, अलिप्त असं काही मनात येतं. या गीतांतला सोल मात्र घाबरतो, बुडतो, हाका मारतो. मराठी बायबलच्या वळणानं त्याला ‘जीव’ म्हणा आणि ‘आत्मा’ हा शब्द ‘स्पिरिट’साठी राखून ठेवा.

आधी जुना पाठ मिळवा. आमची गीतं छापायची तर जशीच्या तशी छापा, सुधारू नका, अशी विनंती चार्ल्स यांचे भाऊ जॉन वेस्ली यांनी १७८०च्या ५२५ गीतांच्या संग्रहात केली होती. तरीही पुढे शब्द बदलले, कडवी गळाली.

मग एकेका कडव्यातले सोल, स्पिरिट, हार्ट आणि ‘मी’ अधोरेखित करा आणि प्रत्येकासमोर त्याचं क्रियापद लिहा. रूपकाचा जीव नामापेक्षा क्रियापदात असतो. ‘अँड कॅन इट बी’ या गीताचं चौथं कडवं घ्या. सुरुवातीला कैदेतल्या आत्म्याला एकच क्रियापद आहे: पडून होता. मग देवाच्या नजरेतून किरण येतो आणि कर्ताच बदलतो, ‘आत्मा’ जाऊन ‘मी’ येतो: जागा झालो, उठलो, निघालो, मागे चाललो. बेड्या तो तोडत नाही, त्या गळून पडतात. कृपा आधी, माणसाची हालचाल नंतर, हा सगळा सिद्धांत या सहा ओळींच्या क्रियापदांत आहे.

यानंतर त्यामागचं बायबलमधलं शास्त्रवचन शोधा. वरच्या कडव्यातली कोठडी येशूचा शिष्य पेत्र याची आहे, प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२. ‘ओ दाऊ हू केमेस्ट फ्रॉम अबव्ह’ या गीतातली हृदयाची वेदी आणि तिच्यावरची न विझणारी आग लेवीय ६:१३ मधली. वचन सापडलं नाही तर रूपक नुसतं सजावटीचं वाटतं.

सर्वांत जास्त चुका ‘जीझू, लव्हर ऑफ माय सोल’ (१७४०) वाचताना होतात. पहिल्याच कडव्यात ‘फ्लाय’ आहे म्हणून जिवाला पक्षी ठरवू नका; त्या काळी त्याचा अर्थ ‘धाव घेणं’ असाही होता. पुढच्या ओळींत लाटा, वादळ, बंदर आहे, म्हणजे तिथं जीव जहाज होतो. दुसऱ्या कडव्यात तो देवाला लटकून आहे आणि पंखाची सावली मागतो. पंख देवाचे, जीव पिलासारखा. ही चित्रं ओढूनताणून एक करू नका, पण पाण्याचा धागा सोडू नका. तिसऱ्या कडव्यात ‘मी बुडतो’ असं म्हणत तो हात मागतो, पाण्यावर चालताना बुडू लागलेल्या पेत्रासारखा (मत्तय १४). बऱ्याच पुस्तकांत नेमकं हेच कडवं वगळलेलं असतं. मग वादळ पहिल्या कडव्यातच संपल्यासारखं वाटतं आणि शेवटच्या कडव्यातला झरा कुठून आला ते कळत नाही. पाचही कडवी सलग वाचा: सुरुवातीला जे पाणी बाहेरून गिळायला येतं, तेच शेवटी हृदयाच्या आत उसळतं.