मीटिंगमधून उठताना काय म्हणावे?

मराठी माध्यमातून शिकून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कार्यालयांत रुजू होणाऱ्या मुलामुलींना कामापुरते इंग्रजी लवकर जमते. पण भर मीटिंगमधून प्रसाधनगृहाकडे जायचे झाले की ती अडखळतात, असे नव्या तुकड्यांना शिकवताना मी नेहमी पाहतो. शाळेत करंगळी वर केली की भागत असे, येथे काहीतरी बोलावे लागते. खरे तर ‘एक्सक्यूज मी, आय विल बी राइट बॅक’ एवढे म्हणून उठले तरी पुरते. कारण कोणी विचारत नाही आणि आपणही सांगू नये.

जागा विचारायची असेल, तर मुंबईत ‘वॉशरूम’ हा शब्द कोठेही चालतो. अमेरिकी माणूस सार्वजनिक ठिकाणी ‘रेस्टरूम’ म्हणतो आणि कोणाच्या घरी गेल्यावर ‘बाथरूम’ विचारतो, तेव्हा त्याला आंघोळ करायची नसते. मोरी घरात आणि संडास गॅलरीच्या टोकाला, अशा चाळीत वाढलेल्या माणसाचा येथे गोंधळ होणे साहजिक आहे. ‘टॉयलेट’ हा शब्द ब्रिटनमध्ये सरळ वापरला जातो, अमेरिकी कानाला मात्र तो थोडा उघडावाघडा वाटतो. ब्रिटिश सहकारी ‘लू’ म्हणतात. तो शब्द अनौपचारिक असला तरी असभ्य नाही. विमानात ‘लॅव्हेटरी’ अशी पाटी दिसते, पण बोलताना तो शब्द फार जड होतो.

‘नेचर्स कॉल’वर आपल्या मुलांचे विशेष प्रेम आहे, इंग्रजीत तो आता बहुधा गमतीनेच म्हटला जातो, त्यामुळे साहेबांपुढे टाळलेला बरा. ‘आय नीड टू पी’ जवळच्या मित्रमैत्रिणींत ठीक, ‘टेक अ लीक’ मात्र रांगडेच. जुन्या पिढीतील ब्रिटिश मंडळींच्या तोंडी ‘स्पेंड अ पेनी’ ऐकू येते. लंडनच्या 1851 च्या महाप्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्ज यांनी उभारलेल्या शौचालयांसाठी एक पेनी घेतली जाई, आणि पुढेही तेथील सार्वजनिक शौचालयांच्या कुलपात पेनी टाकावी लागे. आपण स्थानकाबाहेरच्या ‘सुलभ’मध्ये इतकी वर्षे सुटे पैसे मोजतो, तरी मराठीत असा वाक्प्रचार काही रुळला नाही.

ऑनलाइन बैठकांत ‘बायो ब्रेक’ सर्रास चालतो आणि ‘शॅल वी टेक अ फाइव्ह-मिनिट ब्रेक?’ असे सुचवणे त्याहून सभ्य ठरते. माइक बंद आहे ना, हे मात्र उठण्यापूर्वी दोनदा पाहावे.