लांब व्हिडिओचे तुकडे पाडायला बसण्याआधी

सगळ्यात आधी ओरिजनल फाइल बाजूला काढून ठेवा, जी काय कापाकापी करायची ती कॉपीवर. कॉपी पेनड्राइव्हवर घेणार असाल तर तो फॅट३२ फॉरमॅटचा नाही ना ते बघा, कारण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जातच नाही, जागा कितीही रिकामी असली तरी.

मग क्लिप कुठे टाकणार ते पक्कं करा, कारण लांबी त्यावर ठरते. यूट्यूब शॉर्ट्सला आधी ६० सेकंद होते, ऑक्टोबर २०२४ पासून ३ मिनिटं चालतात, एक्सवर फुकटच्या अकाउंटला २ मिनिटं २० सेकंद. हे नियम बदलत राहतात म्हणून टाकायच्या आधी अ‍ॅपमध्ये बघून घ्यायचं. आणि ३ मिनिटं चालतात म्हणून ३ मिनिटं भरायचीच असं काही नाही हां.

आता खरं काम. एडिटर उघडूच नका अजून, हेडफोन लावा, दीडपट स्पीडवर पूर्ण व्हिडिओ ऐका आणि वहीत वेळा लिहीत जा, कुठून कुठपर्यंत आणि पुढे एका ओळीत त्यात काय आहे. एका ओळीत लिहिता येत नसेल तर ती क्लिप होत नाही, सोडून द्या. समजा ४१:१० ला बोलणारा म्हणतो "मघाशी सांगितलं तसं, पाणी आधी उकळायचं", तर क्लिप "पाणी" पासून सुरू करायची, कारण नवीन बघणाऱ्याला मघाशीचं काय माहिती? "हे इथे बघा" म्हणत बोट दाखवलं असेल तर ती वस्तू फ्रेममध्ये हवी. शेवटी वाक्य संपल्यावर अर्धा सेकंद सोडा, नाहीतर शेवटचा शब्द गिळल्यासारखा वाटतो. दर ठरावीक वेळाने डोळे झाकून कापणारे अ‍ॅप असतात, ते फक्त स्टेटसला लागोपाठ टाकायचं असेल तरच कामाचे.

लॉसलेसकटसारख्या टूलने री-एन्कोड न करता (म्हणजे व्हिडिओ नव्याने न बनवता) कापलं तर काम झटक्यात होतं आणि क्वालिटीही जात नाही, पण कट कीफ्रेमवरच (ज्या फ्रेममध्ये पूर्ण चित्र साठवलेलं असतं तिथेच) नीट बसतो आणि कीफ्रेम कधी कधी काही सेकंदांनी एक असतो, त्यामुळे सुरुवातीला चित्र अडकतं आणि आवाज पुढे पळतो. मग एकतर थोडं आधीच्या कीफ्रेमपासून घ्या नाहीतर तेवढी क्लिप री-एन्कोड करा, वेळ लागतो पण कट हवा तिथेच बसतो.

उभा व्हिडिओ करायचा असेल तर १९२० बाय १०८० पिक्सेलच्या आडव्या व्हिडिओमधून रुंदीला जेमतेम ६०८ पिक्सेल उरतात, म्हणजे दोन माणसं दोन टोकांना बसली असतील तर एकजण गेलाच, त्यापेक्षा आडवाच ठेवलेला बरा. कॅप्शन अगदी खाली नको, तिथे अ‍ॅपचं नाव आणि बटणं येतात.

मागे गाणं वाजत असेल तर तुकडा छोटा केला म्हणून कॉपीराइट सुटत नाही, यूट्यूबचं कंटेंट आयडी (गाणी आपोआप ओळखणारी यंत्रणा) काही सेकंदांचं गाणंही पकडू शकतं. व्हिडिओत दुसरं कोणी असेल तर आधी विचारा.

फाइलची नावं ०१, ०२ अशी द्या, नुसतं १, २ दिलं तर बऱ्याच ठिकाणी १० नंबर २ च्या आधी येऊन बसतो. आणि कोणाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जाते आणि दाबून लहान केली जात नाही, क्वालिटी तशीच राहते.