राजकारणी किंवा न्यायमूर्तींचा जीवनपट लिहिताना

जन्मगावापासून सुरुवात करू नका. आधी वहीत चार रकाने आखा: तारीख, पद, ते कसं मिळालं, पुरावा. पुराव्याचा रकाना रिकामा असेल, तर ती ओळ पेन्सिलीतच राहू द्या.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख घ्या. अकरा वेळा आमदार, हे सोलापूर जिल्ह्यात कुणीही सांगेल. पण १९६२ पासूनच्या फक्त सार्वत्रिक निवडणुका मोजल्या, तर विजय दहाच भरतात. अकरावा १९७४ च्या पोटनिवडणुकीतला. १९७२ आणि १९९५ ला ते हरले होते, म्हणून ‘सलग’ हा शब्द बिनधास्त खोडा. गौरव अंकांत तो हमखास घुसतो. तेव्हा पोटनिवडणुका आणि पराभव यांच्या ओळी वेगळ्या लिहा.

न्यायमूर्तींच्या बाबतीत घोळ शपथेचा. नियुक्तीचा आदेश एका दिवशी, शपथ दुसऱ्या. कार्यकाळ शपथेपासून धरा. अतिरिक्त न्यायाधीशपद जास्तीत जास्त दोन वर्षांचं असतं, कायम नियुक्ती त्यानंतरची. दोन्ही नोंदी हव्यात. उच्च न्यायालयातली निवृत्ती ६२ व्या वर्षी, सर्वोच्च न्यायालयात ६५ व्या. जन्मतारीख यावरून पडताळता येते. मुदतीआधी राजीनामा असेल, तर अर्थात हिशेब जुळणार नाही.

सोलापूरची प्रकरणं मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे (फिरत्या खंडपीठाकडे) गेली ती १८ ऑगस्ट २०२५ पासून. त्याआधीच्या निकालांपुढे मुंबईच लिहा.

घरच्यांकडे आठवणी मागण्याआधी निवडीचं प्रमाणपत्र मागा.