जुन्या बुलेटचा सीबी पॉइंट सारखा का जळतो? दोष शोधायचा कसा

कास्ट आयर्न इंजिनची बुलेट चालवणाऱ्याच्या टूलबॉक्समध्ये जादा सीबी पॉइंट (कॉन्टॅक्ट ब्रेकर, म्हणजे कॉइलचा करंट तोडून प्लगला ठिणगी द्यायला लावणारा छोटा स्विच) आणि कंडेन्सर (पॉइंट उघडताना त्यावरची ठिणगी शोषणारा छोटा डबा) असतोच. असायलाही हवा. पण पॉइंट महिन्या-दोन महिन्यांत काळाठिक्कर पडत असेल, कॉइल (प्लगसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) वर्षात दोनदा निकामी झाली असेल, तर ‘हल्ली पार्टच डुप्लिकेट येतात’ म्हणून मोकळं होऊ नका. डुप्लिकेट माल येतो हे खरं, पण एकामागोमाग तीन पार्ट जळले तर त्यांना जाळणारं कारण बहुधा गाडीतच बसलेलं असतं. पुढचा पार्ट घेण्याआधी एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि बारीक पॉलिश पेपर एवढं सोबत असलं की झालं.

जळलेला पार्ट आधी नीट बघा

काढलेला पॉइंट उजेडात धरा. तोंडावर (जिथे दोन्ही बाजू एकमेकींना टेकतात) काळा, चिकट थर असेल तर आत तेल किंवा ग्रीस येतंय; डिस्ट्रिब्युटरच्या (पॉइंट ज्यात बसतो त्या भागाच्या) शाफ्टचं सील तपासा. एका तोंडावर टेकाड आणि समोरच्यावर खड्डा पडला असेल तर संशय कंडेन्सरवर. तोंडं निळसर पडून भाजली असतील तर कंडेन्सर निकामी आहे किंवा पॉइंटमधून जास्त करंट वाहतोय. आणि तोंडं स्वच्छ असूनही गॅप (उघड्या तोंडांमधली फट) मिटला असेल, तर पॉइंटची टाच कॅमवर (पॉइंट उघड-मिट करणाऱ्या फिरत्या भागावर) घासून झिजली आहे. कॅमवर ग्रीसचं नुसतं बोट फिरवलेलं असावं. चमचाभर थापलं की तेच उडून पॉइंटवर बसतं.

ॲमीटरचा काटा बोलतो, तो ऐका

बुलेटवाल्याकडे एक फुकटचं टेस्टर आहे, हेडलाइटच्या डोक्यावरचा ॲमीटर (करंट दाखवणारा काटा). पेट्रोलचा कॉक बंद करा, दिवे बंद ठेवा, चावी लावा. डीकॉम्प्रेशनचा लिव्हर (इंजिनातला दाब सोडणारा) दाबून किक अगदी हळू फिरवा. पॉइंट मिटला की काटा डिस्चार्जकडे सरकतो, उघडला की मधोमध येतो. किक मारण्याआधी आपण काटा मध्ये आणतो, ती हीच जागा.

काटा हललाच नाही तर करंट कॉइलपर्यंत किंवा पॉइंटपर्यंत पोचतच नाही. पॉइंट उघडूनही तो डिस्चार्जलाच अडकून राहिला तर पॉइंटची वायर बॉडीला टेकते आहे किंवा कंडेन्सर आतून शॉर्ट झालाय. आणि काटा तीन-चार अँपिअरऐवजी सात-आठकडे झुकत असेल, तर पॉइंट जाळणारा जवळजवळ सापडलाच.

कॉइल कोणती बसवली आहे?

जुन्या बुलेट ६ व्होल्टच्या होत्या, नंतरच्या १२ व्होल्टच्या. कित्येक गाड्या मधल्या काळात कुणीतरी १२ व्होल्टवर आणलेल्या असतात, पण कॉइल तीच राहते. किंवा काउंटरवर ‘बुलेटची कॉइल द्या’ एवढंच सांगितलं की हाताला येईल ती मिळते.

कॉइलच्या दोन्ही बारीक वायरी सोडवा. मीटर ओहमवर ठेवून आधी त्याच्या पिना एकमेकींना टेकवा. जो आकडा दिसेल तो नंतर वजा करायचा, कारण इथे अर्ध्या ओहमलाही किंमत आहे. मग कॉइलच्या दोन टर्मिनलमध्ये मोजा. १२ व्होल्टच्या पॉइंटवाल्या कॉइलला साधारण ३ ते ४ ओहम यायला हवेत. दीडच्या आसपास आले तर गणित सरळ आहे: १२ भागिले दीड म्हणजे ८ अँपिअर. एवढा करंट त्या चिमुकल्या तोंडांना झेपत नाही आणि कॉइलही हात लावू देणार नाही इतकी तापते.

कॉइल बरोबर असूनही जात असेल तर सवयी तपासा. इंजिन बंद, चावी चालू, पॉइंट मिटलेला, अशी गाडी चहाच्या टपरीसमोर उभी राहिली की कॉइल नुसतीच भाजत राहते. स्पार्क बघण्यासाठी प्लगची वायर हवेत धरून किका मारणंही थांबवा. स्पार्कला वाट मिळाली नाही तर तो कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडतो. प्लग कॅपमध्ये घालून त्याची बॉडी हेडला टेकवा, प्लगच्या भोकापासून दूर.

चार्जिंग मोजा

बॅटरीवर मीटर लावून इंजिन थोडं रेस करा. १२ व्होल्टच्या गाडीत १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर ठीक. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) गेला. बॅटरीत सारखं पाणी घालावं लागणं आणि बल्ब उडणं या त्याच्याच खुणा. बॅटरीची सैल टर्मिनल आणि इंजिनची अर्थ वायर त्याच वेळी घासून घट्ट करा.

कंडेन्सर आणि शाफ्ट

इंजिन चालू असताना पॉइंटवर मोठी निळी ठिणगी दिसत असेल तर कंडेन्सर बदला. गाडी थंड असताना छान चालते, अर्ध्या तासाने फटाके फोडते आणि थांबून गार झाली की पुन्हा सुरू होते, हाही बहुतेक वेळा त्याचाच खेळ. गरम जागेतून काढून तेवढ्याच क्षमतेचा, म्हणजे सुमारे ०.२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर वारा लागेल अशा ठिकाणी बसवला तर तो जास्त टिकतो, हे माझं ठाम मत.

मग कॅम बोटाने आडवा हलवून बघा. खडखड जाणवली तर बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती बाही) झिजलंय. गॅप कितीही काटेकोर लावा (बुलेटला ०.३५ ते ०.४० मिमी), चालत्या गाडीत तो बदलतच राहणार. हे काम खरादवाल्याकडचं आहे, घरी करू नका.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि आठवडाभर गाडी चालवून बघा. सगळं एकदम बदललं तर दोष कुठे होता ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा सगळंच बदलावं लागतं.

वैतागून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवायचं असेल तर खुशाल बसवा, पण चार्जिंग आणि अर्थ आधी नीट करून. १५ व्होल्टच्या पुढे पॉइंट निदान कुरकुरत तरी चालतो, किटचा मॉड्यूल (त्यातला इलेक्ट्रॉनिक भाग) मात्र जाऊ शकतो. काढलेली पॉइंटची प्लेट मात्र टूलबॉक्समध्येच असू द्या.