ज्वारीची पानं जांभळी पडली? डीएपीचं पोतं फोडण्याआधी या चुका टाळा

डिसेंबरात थंडी पडून मालदांडी ज्वारीची पानं जांभळट झाली की फॉस्फरस कमी पडला असं समजून सोलापूरकडे हमखास डीएपी या फॉस्फरसवाल्या खताचं पोतं फुटतं. मीही फोडलं होतं. मोहोळकडच्या काळ्या रानात, उभ्या ज्वारीत वरून फेकलं. ज्वारी होती तिथंच राहिली.

पहिली चूक, बुडातली पानं न बघता निदान करणं. फॉस्फरस झाडात फिरता असतो. तुटवडा पडला की झाड जुन्या पानातला काढून कोवळ्या पानाला देतं. त्यामुळे खरी कमतरता आधी खालच्या पानांवर दिसते. वरची पानंही जांभळी असतील आणि ऊब वाढल्यावर रंग उतरत असेल, तर तो थंडीचा प्रताप.

दुसरी चूक सगळ्यात महागडी: जास्त घातलं की जास्त जातं, हा समज. मुळांनी किती ओढायचं याचा हिशेब झाडाची जनुकं ठेवतात. पानांत फॉस्फेट (मुळं फॉस्फरस ज्या रूपात ओढतात ते) घटलं की मिर-३९९ नावाचा आरएनएचा बारीक तुकडा तयार होतो, अन्नरसाबरोबर मुळात उतरतो आणि पीएचओ२ या जनुकाचं तोंड दाबतो. पीएचओ२ एरवी फॉस्फेट ओढणारी प्रथिनं मोडीत काढायला लावतं. भूक भागली की ते पुन्हा कामाला लागतं. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपात हा लगाम तुटला की काय होतं, ते १९९५ साली नोंदलं गेलं: पानांत फॉस्फेट साठत गेलं, इतकं की झाडाला बाधलं. बिघाड पीएचओ२मध्ये आहे हे कळायला २००६ उजाडलं.

आता जस्त. जस्ताचा तुटवडा असलेलं झाड हावरटासारखं फॉस्फेट साठवतं, आणि डीएपीचा मारा जस्त आणखी अडवतो. वरच्या पानांत मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना फिकट पट्टे दिसले, तर डीएपी थांबवून आधी जस्त तपासा.

चुनखडीच्या रानात स्फुरद, म्हणजे फॉस्फरसच, कॅल्शियमला धरून बसतो, मुळापर्यंत पोचत नाही. म्हणून पेरतानाच दोन चाड्याच्या पाभरीने बियाच्या खाली द्यायचं. माती तपासताना ‘ओल्सन पद्धतीने केलंत का?’ एवढं विचारा. ब्रे पद्धत आम्लधर्मी जमिनीची.

आणि पोत्यावरचा आकडा! ५० किलो डीएपीत २३ किलो स्फुरद लिहितात, पण तो ऑक्साइडच्या हिशेबात. निव्वळ फॉस्फरस १० किलोच. पानांच्या तपासणीत मात्र निव्वळ फॉस्फरसच येतो. मी एक हंगाम हे दोन आकडे शेजारी मांडून डोकं खाजवत बसलो होतो.