पडलेलं पिल्लू घरी आणून 'पाळताय'? या चुका टाळा

दरवर्षी मार्च उजाडला की माझ्या फोनवर एकच वाक्य सुरू होतं, "ताई, आम्हाला वीस दिवसांपूर्वी एक पिल्लू सापडलं होतं..." वीस दिवसांपूर्वी! म्हणजे फोन करायचा तेव्हा यूट्यूब बघत बसले आणि आता पिल्लाने मान टाकली म्हटल्यावर ताई आठवली. गेली अकरा-बारा वर्षं मी जखमी पक्ष्यांची उस्तवार करतेय, डॉक्टर वगैरे नाहीये, पण तेच तेच घोळ इतक्यांदा निस्तरलेत की आता एकदाचं लिहून टाकते, निदान लिंक तरी पाठवता येईल.

मुळात उचललं कशाला? पिसं आलेली, शेपूट आखूड, जमिनीवर टुणटुण उड्या मारतंय असं साळुंकीचं किंवा बुलबुलाचं पिल्लू दिसलं तर ते बहुतेक वेळा पडलेलं नसतं, उडायला शिकत असतं. आईबाप वर तारेवर बसून बोंबलत असतात आणि आपण त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचं मूल पळवून नेतो, वर स्टेटसला फोटो टाकतो. मांजर किंवा कुत्रा आसपास असेल तर उचलून जवळच्या झुडपात नाहीतर खालच्या फांदीवर ठेवा आणि लांब जाऊन तासभर बघा. लांब म्हणजे लांब, मोबाईल घेऊन डोक्यावर उभं राहिलात तर कुठली आई खाली येणार? उघडंनागडं, डोळे मिटलेलं पिल्लू असेल तर ते परत घरट्यात ठेवायचं. घरटंच पडलं असेल तर तळाला भोकं असलेली टोपली घ्या, आत सुकं गवत घाला आणि त्याच झाडाला बांधा. आणि "माणसाचा हात लागला की आई घेत नाही" हे साफ खोटं आहे, कोणाच्या आजीने सांगितलं असलं तरी.

आता माझी सगळ्यात नावडती चूक, चोचीत पाणी सोडणं. ही मी स्वतः केलेली आहे म्हणून जास्त राग येतो. सुरुवातीच्या काळात साळुंकीचं एक पिल्लू आणलं होतं, मे महिना, उन्हात धापा टाकत होतं. मी आपली ड्रॉपर घेऊन बसले आणि प्रेमाने चोच उघडून चार-पाच थेंब आत सोडले. त्याने एकदा डोकं झटकलं, नाकपुडीतून बुडबुडा आला, आणि दोन मिनिटांत माझ्या तळहातावरच गेलं ते. तहानेने मेलं नाही, माझ्या हाताने बुडालं. नंतर एका पक्ष्यांच्या डॉक्टरांनी दुसऱ्या पक्ष्याची चोच उघडून दाखवलं, जिभेच्या बुडाशी एक बारीक फट असते, सारखी उघड-मीट करणारी, ती श्वासनलिका. आपल्यासारखं त्यावर झाकण नसतं, त्यामुळे तुम्ही वरून सोडलेलं पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकतं. तेव्हापासून माझा नियम एकच, मरगळलेल्या पक्ष्याला तोंडाने काहीही नाही. आधी ऊब. पक्ष्याचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं, ४० अंशांच्या आसपास, त्यामुळे हाताला गार लागलं तर समजा प्रकरण गंभीर आहे आणि अशा गार पिल्लाला खायला घातलेलं पचतही नाही. चपलांचा खोका, झाकणाला भोकं, आत जुना सुती कपडा, एका बाजूला फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, झाकण बंद, अंधार, शांतता. उन्हाने पडलेला मोठा पक्षी असेल तर बाटली नको, नुसता सावलीतला खोका. बस्स. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून "बघू बघू, डोळे उघडले का" करायचं नाही. लोकांना हेच जमत नाही, काहीतरी केल्यासारखं वाटायला हवं ना!

दूध नको. दूध-पोळी, दूध-ब्रेड, काहीच नको, पक्षी दूध पाजत नाहीत आणि त्यांना ते पचतही नाही.

आता घारीची गोष्ट. एका सोसायटीतून फोन आला, पाच आठवड्यांपूर्वी झाडावरून पडलेलं घारीचं पिल्लू, घरात सगळ्यांचं लाडकं, नाव शेरू. आता पायावर उभं राहत नाहीये. मी गेले तर काचेने बंद केलेल्या बाल्कनीत सतरंजीवर ते बसलेलं, म्हणजे बसलेलं तरी कसं म्हणू, पाय दोन्हीकडे फाकलेले आणि छाती जमिनीला टेकलेली. खायला काय घालता विचारलं तर घरातल्या आजी अभिमानाने म्हणाल्या, "अगं, बोनलेसच आणतो, कोमट पाण्यात धुऊन, हाड टोचायला नको म्हणून." मी तिथेच डोक्याला हात लावला. घार उंदीर खाते तो हाडाकातड्यासकट, त्या हाडांतूनच तिला कॅल्शियम मिळतं. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावालाच, मग वाढणारं शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं. त्यात ऊन येतंय ते काचेतून, म्हणजे ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण बाहेरच अडले. एक्स-रेमध्ये दोन्ही पायांची हाडं ओल्या पुठ्ठ्यासारखी दुमडलेली दिसत होती. दुरुस्त होण्यासारखं काही नव्हतं, डॉक्टरांनी त्याला इंजेक्शन देऊन झोपवलं.

पण मला एक्स-रेपेक्षा जास्त आठवतो तो फ्रिज. मी तिथे असताना कोणीतरी फ्रिज उघडला, त्या दाराचा आवाज आला मात्र, शेरूने मान वर करून चोच वासली. पाय धड असते तरी तो पक्षी बाहेर सोडून जगला असता का? ज्याला माणूस म्हणजे आई आणि फ्रिजचं दार म्हणजे जेवण, तो गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईच्या डोक्यावर जाऊन बसणार आणि मग काठी खाणार. म्हणून माझ्याकडे पिल्लांना नाव ठेवत नाही, बोलत नाही, मांडीवर घेत नाही, शक्यतो एकाच जातीची दोन-तीन एकत्र ठेवते. लोक मला कोरडी म्हणतात, म्हणू देत.

बाकीच्या पटापट सांगते. खोलीत मोकळं सोडलं असेल तर पंखा बंद, आणि नुसता बंद नाही, रेग्युलेटरपाशी चिकटपट्टी लावा. नॉनस्टिक तवा जास्त तापला की जो धूर निघतो त्याने पक्षी मिनिटांत मरतात, खोका स्वयंपाकघरात ठेवू नका. तारेच्या पिंजऱ्यात जंगली पक्षी ठेवला की धडपडून पिसं तोडून घेतो, पुठ्ठ्याचा खोकाच बरा. मांजराच्या तोंडातून सुटलेला पक्षी वरून ठणठणीत दिसला तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे, मांजराच्या लाळेतले जंतू त्याला एक-दोन दिवसांत संपवतात. संक्रांतीचा मांजा पंखात अडकला असेल तर ओढायचा नाही, पक्ष्याच्या अंगावरचा तसाच ठेवून बाहेरचा दोरा कापायचा, आणि जखमेवर हळद-तेल थापायचं नाही, तेलाने पिसं चिकटतात आणि डॉक्टरला आधी तुमचा लेप धुवत बसावं लागतं. आणि पाकोळी (इंग्रजीत स्विफ्ट म्हणतात तो पक्षी) सापडली तर "उड बाळा" करत गच्चीवरून फेकायची नाही हो, कृपा करून.

"आमचं ऑफिस झालं की सकाळ-संध्याकाळ भरवतो" म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते की साळुंकीच्या लहान पिल्लाला पहाटेपासून अंधार पडेपर्यंत दर वीस-तीस मिनिटांनी लागतं. रजा आहे का तेवढी?

पोपटवाल्यांनी माझ्यावर चिडू नये, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपला साधा हिरवा पोपटही पिंजऱ्यात ठेवता येत नाही, मग तो झाडावरून पडलेला असो की बाजारातून 'सोडवून' आणलेला. विकत घेऊन सोडवणं म्हणजे त्या पारध्याला पुढच्या झोळीचे पैसे देणं. मिरची-डाळ खातो, राम राम म्हणतो, खूश आहे, हे सगळं ऐकलंय मी.

वनविभागाचा नंबर १९२६, नाहीतर जवळची पक्षी वाचवणारी संस्था शोधा, पहिल्याच दिवशी. फोन करताना फोटो काढून ठेवा, खायला-प्यायला काय दिलंय ते खरं खरं सांगा, आम्ही ओरडू पण सांगा. आणि "कुठे सापडलं?" विचारल्यावर "मावशीने आणलंय" असं उत्तर देऊ नका, मावशीला झाड कोणतं ते नीट विचारून ठेवा, कारण पिल्लू बरं झालं की ते परत त्याच झाडाखाली न्यायचं असतं.